न्यायमूर्ती जडसन यांचे दोन खटले

स्पीलबर्ग यांच्या १९९७ सालच्या 'अमिस्टाड' या चित्रपटात आफ्रिकी बंदिवानांच्या बाजूने पहिला निवाडा देतो तो कोग्लिन नावाचा तरुण न्यायाधीश. हे पात्र सर्वस्वी काल्पनिक आहे. प्रत्यक्षात तो निवाडा अँड्र्यू जडसन यांनी दिला होता. हा बदल मला नेहमी खटकतो, कारण खरी गुंतागुंत जडसन यांच्यातच आहे.

जडसन हे कनेटिकट राज्यातील कँटरबरी गावचे वकील. प्रूडन्स क्रँडल यांची मुलींची शाळा त्यांच्या घराजवळच होती. १८३२ साली क्रँडलबाईंनी सेरा हॅरिस या कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला आणि गोऱ्या पालकांनी आपापल्या मुली काढून घेतल्या. बाई नमल्या नाहीत. १८३३च्या एप्रिलमध्ये त्यांनी खास कृष्णवर्णीय मुलींसाठीच शाळा सुरू केली. गावाच्या विरोधाचे पुढारी होते जडसन. गावाच्या संमतीवाचून परराज्यातील कृष्णवर्णीयांना शिकवणे हा त्याच वर्षी गुन्हा ठरला, आणि बाईंवरील खटल्यात सरकारच्या बाजूने जडसन उभे राहिले. शिक्षा पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली; पण सप्टेंबर १८३४मध्ये जमावाने शाळेच्या खिडक्या फोडल्या आणि शाळा बंद पडली.

१८३६ साली राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी याच गृहस्थांना फेडरल जिल्हा न्यायाधीश नेमले. १८३९मध्ये 'अमिस्टाड' जहाज ताब्यात आले आणि बंड केलेल्या आफ्रिकी लोकांचे भवितव्य त्यांच्या हाती गेले. व्हॅन ब्यूरेन सरकारला निकालाची इतकी खात्री होती, की बंदिवानांना क्यूबाला नेण्यासाठी 'ग्रँपस' हे जहाज न्यू हेवनच्या बंदरात आधीच येऊन थांबले होते. १३ जानेवारी १८४० रोजी जडसन यांनी निर्णय दिला: हे लोक जन्मतः स्वतंत्र असून त्यांना स्पेनच्याच कायद्याविरुद्ध क्यूबात आणले गेले, त्यांना आफ्रिकेला परत पाठवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या स्वाधीन करावे.

याला हृदयपरिवर्तन म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. निवाड्याचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. जहाजावरचा अँटोनिओ हा मुलगा मारल्या गेलेल्या कप्तानाचा कायदेशीर गुलाम होता. त्याला मालकाच्या वारसांकडे परत धाडावे, असे जडसन यांनी त्याच निवाड्यात म्हटले. शिवाय कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवावे, या मताच्या चळवळीचे ते समर्थक होते. कँटरबरीत मुलींना शिकू न देणारा आणि न्यू हेवनमध्ये बंदिवानांना आफ्रिकेला धाडू पाहणारा माणूस एकच आहे. दोन्ही ठिकाणी त्याला ही माणसे अमेरिकेत नको आहेत. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी कायदा बंदिवानांच्या बाजूचा होता आणि सरकारची मर्जी मोडून जडसन यांनी तो पाळला. हे श्रेय मात्र त्यांना द्यावेच लागेल.

१८४१ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांच्या स्वाधीन करण्याचा भाग वगळून बंदिवानांना सरळ मुक्त केले. अँटोनिओने वारसांची वाट पाहिली नाही. गुलामगिरीविरोधकांच्या मदतीने तो कॅनडाला निसटला.