यंदा कशावर जायचं?

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात एकच विषय निघतो: यंदा ऊसतोडीला कशावर जायचं? बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर, की डोकी सेंटरला, म्हणजे ट्रकसाठी तोडून भरायला? कुठं जायचं हा प्रश्न नंतरचा. कोल्हापूर असो, बारामती असो, नाहीतर कर्नाटकातला बेळगाव-बागलकोटचा पट्टा असो. ज्या साखर कारखान्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमानं आणली, तिकडं निघायचं. पण कशावर, यात त्या घराचे पुढचे पाच-सहा महिने ठरतात. रात्री किती वाजता उठायचं, राहायची कोपी कुठं पडणार, लेकरू कुणाजवळ राहणार आणि हिशेबाच्या दिवशी हातात काय उरणार, सगळं त्या एका उत्तरावर.

माझं आयुष्य तेलगावला, धारूर घाटाच्या पायथ्याशी, ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलं. वडील वडवणीकडचे गाडीवान. त्यामुळं ओढणारं जनावर आणि ओढणारं यंत्र, दोन्ही जवळून पाहिलं. लोक अजून विचारतात, ‘मिस्त्री, दोन ट्रॉल्यांना कुठला ट्रॅक्टर घ्यावा?’ मी मागचं सांगायला लागलो की त्यांना वाटतं म्हातारा भरकटला. पण मागचं कळल्याशिवाय पुढचं वाहन निवडता येत नाही, असं माझं मत आहे.

साखर कारखाने नगर-पुणे-सोलापूरकडं आधीपासून होते. हरेगावची बेलापूर कंपनी, माळीनगर, वालचंदनगर हे सगळे 1950च्या आधीचे, खासगी. खासगी कंपनीचे स्वतःचे मोठे मळे असायचे, सलग. अशा सलग मळ्यांतून ऊस आणायला छोटे रूळ टाकून डबे ढकलणंही परवडायचं. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला आणि 1950-51 साली त्याचं गाळप सुरू झालं. सहकारात कारखान्याचा स्वतःचा मळा नाही. ऊस सभासदांचा, कुणाचा दोन एकर, कुणाचा पाच, दहा गावांत विखुरलेला. प्रत्येकाच्या बांधापर्यंत रूळ कोण नेणार? तिथं बैलगाडीच जाणार. सहकारी कारखाना जसजसा वाढला, तसतशी तोडणाऱ्या हातांबरोबर ओढणाऱ्या खांद्यांची गरज वाढली.

ते खांदे आमच्याकडं होते. बीड तेव्हा नुकतंच निजामाच्या राज्यातून सुटलेलं, 1948 साली. बालाघाटाच्या माथ्यावरची जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. बाजरी निघाली की दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत माणूस रिकामा आणि बैलही रिकामा. रिकाम्या माणसाला एक वेळ अर्ध्या भाकरीवर ठेवता येतं, रिकाम्या बैलाला कडबा लागतोच. उसाच्या फडात बैलाला वाढं मिळायचं. तोडलेल्या उसाचा हिरवा शेंडा पोटभर खायचा आणि वर उरलेलं विकायचं. बरेच जण मजुरीइतकेच बैल जगवायला म्हणून कारखान्यावर गेले, हे वडिलांच्या पिढीतला कुणीही सांगेल. 1972च्या दुष्काळानं या वाटेवर आणखी किती घरं आणून सोडली, ते आमच्या गल्लीतही मोजता येईल.

पहिल्या गाड्या लाकडी चाकाच्या. लोखंडी धाव, मध्ये तुंबा, आखाला वंगण. अशा गाडीत टनभर ऊस भरला तरी ओल्या फडातून बाहेर काढताना बैलांचा जीव जायचा. धाव मातीत रुतते आणि ओढ दुप्पट होते. मग हवेच्या टायरची गाडी आली. कारखान्यांनी गाड्या स्वतः बनवून घेतल्या आणि भाड्यानं दिल्या. त्याच जोडीवर दोन टन, अडीच टन ऊस चढायला लागला. टायरानं बैलाचं ओझं हलकं केलं असं म्हणतात. खरं तर गाडी हलकी चालायला लागली आणि तेवढा ऊस वर वाढला. बैलाच्या वाट्याला काही उरलं नाही. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी पुढं देशभरातल्या बैलगाड्यांचा अभ्यास केला आणि जू, चाक, आख सुधारा म्हणून आयुष्यभर आग्रह धरला. आमच्या भागात टायर बदलला. जू तेच राहिलं.

बैल निवडणं ही तेव्हाची मोठी विद्या. हिरापूरच्या आणि नेकनूरच्या बाजारात वडील बैलाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी खुराकडं. डांबरी रस्त्यावर रोजची ये-जा, पत्री मारली तरी खूर ठिसूळ असेल तर बैल हंगाम काढत नाही. मग खांदा: जुनी सूज, गाठ, पांढरे केस आहेत का ते हातानं चाचपायचं. मग दात: चार दाती कोवळा, सहा दाती बरा, जुळलेला सगळ्यात शहाणा. शेवटी चाल. खिलार देखणा आणि चपळ, पण तापट. कारखान्याच्या यार्डात भोंगा झाला, मागं ट्रकनं हॉर्न दिला की उधळतो. नांदेडकडचा लाल कंधारी धिम्या पावलाचा, पण कमी चाऱ्यात टिकणारा. देवणी अंगानं भरीव, किमतीला जड. उसाला शर्यतीचा बैल नको, रांगेत तासन्‌तास उभा राहणारा पाहिजे, हे वडिलांचं सूत्र.

रांग म्हणजे रांगच. पहाटे अंधारात फडात जायचं, दोघांनी कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, दुपारपर्यंत गाडी भरायची. मग बाई पायी किंवा उसावर बसून कोपीवर यायची आणि गडी वजनकाट्याच्या रांगेत. नंबर लागून ऊस गव्हाणीत पडेपर्यंत कधी मध्यरात्र व्हायची. बैलांचा पल्ला कमी, म्हणून गाडी सेंटर कारखान्याच्या जवळ असायचं. शेदोनशे कोप्यांचं गावच. निदान पाण्याचा नळ, एखादी साखरशाळा, दवाखान्याची वाट जवळ असायची.

आणि एक गोष्ट, जी हिशेबात सगळ्यात मोठी. गाडीवानाला तोडणीचा दर मिळायचा आणि वाहतुकीचाही. दोन्ही पैसे एकाच घरात. बैल त्याचे, म्हणून ओढण्याचा पैसा त्याचा. ऊसतोड कामगारांचे पुढारी बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या काळात संप झाले ते तोडणीबरोबर वाहतुकीच्या दरासाठीही, यामागं हे कारण आहे. अर्थात बैल मेला तर तो तोटाही त्याच घराचा, आणि उचल फेडायला पुढचा हंगाम.

मग ट्रक आले. कारखान्यापासून लांबच्या फडांचा ऊस बैल आणू शकत नव्हता. ट्रकला माणसं लागली ती नुसती तोडून भरायला. डोक्यावर मोळी, फळीवरून चढत ट्रकमध्ये. ज्यांच्याकडं बैल नव्हते ते डोकी सेंटरला गेले. त्यांना ओढण्याचा पैसा नाही.

ट्रॅक्टर आला तो असा, बैलगाडी आणि ट्रक यांच्या मधल्या जागेत. फडात शिरतो आणि लांबही जातो. साठच्या दशकापासून देशात आयशर, मॅसी, महिंद्राचे ट्रॅक्टर बनायला लागले होते. पुढं पंजाबचा स्वराज आणि चेक बनावटीवरून घेतलेला एचएमटी. पण ते पंचवीस-पस्तीस अश्वशक्तीचे, नांगराचे. उसाच्या वाहतुकीत खरी गर्दी झाली ती पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीचे ट्रॅक्टर बँकेच्या कर्जावर सहज मिळायला लागल्यावर. स्वराज 855, अर्जुन 605, जॉन डिअर 5310, न्यू हॉलंड 3630 ही नावं आमच्याकडं पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात.

आता मिस्त्री म्हणून सांगतो. ओढण्याचं काम नुसती अश्वशक्ती करत नाही. चाकाखाली पकड पाहिजे, पकडीला वजन पाहिजे. दोन-अडीच टनांचं हेड, म्हणजे नुसता ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यात वीस टनांवर ऊस. दोन आखांची चारचाकी ट्रॉली स्वतःचं वजन स्वतःच पेलते, हुकावर फार काही टाकत नाही. त्यामुळं हेड चढाला मागचं चाक जागेवर फिरवतं. मग लोक चाकात पाणी भरतात, लोखंडी वजनं लावतात. हूक उंच बांधला तर उलटा प्रकार: जोर दिला की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं. म्हणून हूक आखाच्या खाली पाहिजे, पुढं बंपरला वजन पाहिजे, आणि कमी फेऱ्यांवर दम धरणारं इंजिन पाहिजे.

हे झालं चढाचं. माझ्याकडं मोडून आलेले ट्रॅक्टर बहुतेक उताराचे. धारूरच्या घाटात वर जाताना गाडी बंद पडते, खाली येताना माणूस जातो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. वीस टन मागून ढकलतात, हेडचे दोन ब्रेक ते पेलू शकत नाहीत. त्यात डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रल केलं, की वळणावर मागची ट्रॉली आडवी येते. म्हणून मला विचाराल तर आधी थांबवायचं बघा, मग ओढायचं. तेलात बुडालेले ब्रेक, जड हेड, आणि परवडत असेल तर ट्रॉलीलाही ब्रेक. अमेरिकेत सुटीवर जाणारी माणसं गाडीमागं फिरतं घर जोडतात, तेव्हा घराच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा असा हिशेब करतात, आणि घर जड असेल तर त्याला स्वतंत्र ब्रेक बसवतात. तिथं मौजेच्या घरासाठी एवढी आकडेमोड होते.

आमच्याकडंही घरच जोडलेलं असतं. दसरा-दिवाळीनंतर त्याच दोन ट्रॉल्यांत आठ-दहा कोयत्यांचे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांचे, संसार चढतात. ज्वारी-बाजरीची पोती, लोखंडी पेटी, तवा-परात, कोपीचे बांबू, शेळी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, लेकरं, एखादी म्हातारी. वर टेपवर गाणी लावलेली. कोल्हापूरची वाट तीनशेच्या वर किलोमीटर आणि ट्रॅक्टरचा वेग तीस-पस्तीसचा. रात्र वाटेतच जाते. दहा टनांसाठी बसवलेले पाटे टनभर संसाराखाली वाकत नाहीत, त्यामुळं प्रत्येक खड्डा थेट मणक्यात शिरतो. बाळंत होऊन महिना न झालेल्या बायाही मी अशा बसलेल्या पाहिल्यात. हंगामात पोलीस आणि कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, चांगलं आहे. पण तो मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून. आत बसलेल्याला धरायला कडी नसते.

ट्रॅक्टरनं आणखी एक बदल केला. ट्रॅक्टर मालकाचा, करार मालकाचा, वाहतुकीचा पैसा मालकाचा. मालकाचा हप्ता थांबत नाही म्हणून ट्रॅक्टरही थांबत नाही. रिकामा होऊन रात्री दोनला फडात आला तर दोनला भरायचा. कोपी कारखान्याजवळ नाही, फडाजवळ, आणि फड बदलला की कोपीही उचलायची. गाडीवानाची बायको दिवस मावळता घरी यायची. तिच्या सुनेला रात्री बॅटरीच्या उजेडात मोळी उचलावी लागते.

बैल अजून आहेत, पण दर हंगामाला कमी. जोडीची किंमत परवडत नाही, आणि 2022च्या लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजारच बंद झाले तेव्हा अनेकांनी बैलांचा नाद सोडला. त्यांच्यातल्या काहींनी तिसरी वाट काढली. जुना छोटा ट्रॅक्टर घ्यायचा आणि त्यामागं बैलाचीच टायरगाडी जोडायची. कुणी त्याला जुगाड म्हणतं, कुणी अंगद. कागदावर बसणारं वाहन नाही, ब्रेकचा तर विचारच नको. तरी मला त्यातली हुशारी कळते. नवरा-बायको तोडतात, स्वतःच ओढतात, आणि बैलगाडीच्या दिवसांसारखे दोन्ही दर पुन्हा एका घरात येतात. कर्ज आहे, पण चारा नाही आणि मालकही नाही.

आता तोडणी यंत्रं आली आहेत. ती वाढतील, यात मला शंका नाही. यंत्रानं तोडलेला ऊसही ट्रॅक्टरच ओढणार, म्हणजे माझ्या धंद्यातल्या पोरांना काम राहील. कोयत्याचं काय होईल ते वेगळं.

तेव्हा ‘कुठला ट्रॅक्टर घ्यावा’ याचं माझं उत्तर दोन भागांत असतं. घेणाऱ्याला सांगतो, जड घे, चांगल्या ब्रेकचा घे, हूक खाली ठेव, आणि माणसं न्यायची असतील तेव्हा ट्रॉली नको, बस कर. दोन संसार कमी ने पण बस कर. मी पाहिलेल्या करारांत टन लिहिलेले असतात, किलोमीटर लिहिलेले असतात. माणसं कशात बसून येतील याची ओळ एकातही नव्हती. ती ओळ आधी घाला. आणि जाणाऱ्याला सांगतो, कशावर जायचं हे उचल घेण्याआधी विचार. उचलीची रक्कम सगळ्यांना आकर्षक दिसते, पण ओढणारं वाहन कुणाचं, हे ज्यानं आधी विचारलं त्याचाच हिशेब शेवटी जुळलेला मी पाहिलाय.