हार्मंड्सवर्थचे कोठार

लंडनच्या पश्चिमेस, हीथ्रो विमानतळाच्या लगत वसलेल्या हार्मंड्सवर्थ गावी, विंचेस्टर कॉलेजच्या कारभाऱ्यांनी आपल्या जहागिरीतील धान्य साठविण्यासाठी 1426-27 च्या सुमारास जे कोठार उभारले, त्याची लांबी जवळजवळ 58 मीटर असून, दगडी तळखड्यांवर दुतर्फा उभ्या असलेल्या भव्य ओक-स्तंभांमुळे त्याच्या अंतर्भागास देवालयाच्या सभामंडपाचे गांभीर्य लाभले आहे. जॉन बेत्जेमन या कवीने त्यास मिडलसेक्सचे कॅथीड्रल म्हटले, ते यथार्थच होय. बहुतांश लाकूड आजही मूळचेच आहे.

पुढे शेती आटली, मालकी पालटत गेली, आणि उदासीन धन्याच्या ताब्यात छपरावरील कौले निखळून वासे पावसात भिजू लागले, तेव्हा ग्रामस्थांनीच आवाज उठविला. अखेर 2011 साली ‘इंग्लिश हेरिटेज’ने अवघ्या 20,000 पौंडांस ते खरेदी केले व दुरुस्तीनंतर 2015 मध्ये लोकांसाठी खुले केले. स्थानिक स्वयंसेवक ठराविक रविवारी त्याची दारे उघडतात, प्रवेशास दस्तुरी घेत नाहीत. सरकारी संरक्षणाच्या यादीत केवळ नाव असल्याने ही वास्तू वाचली नसती. या जीर्णोद्धाराचे पहिले श्रेय मी त्या ग्रामस्थांनाच देतो.