गांजाविषयक कायदा आणि पक्षभेद : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

गांजाला कायद्याची मान्यता असावी की नसावी, हा वाद आपल्याकडे नवा समजला जातो. वस्तुतः तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे. परभणी जिल्ह्यापुरते पाहिल्यास त्याचा निर्णय दरवेळी जिल्ह्याबाहेर झाला, असे दिसते. तो कोणत्या राजकारणातून झाला, हे तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

या वादाचे पहिले पर्व ब्रिटिश पार्लमेंटात सुरू झाले. उदारमतवादी पक्षाचे सभासद व मद्यनिषेधाचे पुरस्कर्ते विल्यम केन यांनी १८९३ साली हा प्रश्न उपस्थित केला आणि त्याच वर्षी मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सभासदांचे मंडळ नेमले गेले. १,१९३ साक्षी घेऊन मंडळाने १८९४ मध्ये असा अभिप्राय दिला की, मर्यादित सेवनाने विशेष अपाय होत नाही. सबब संपूर्ण बंदीपेक्षा कर व परवाना हेच उपाय योग्य. तीन हिंदी सभासदांपैकी दोघांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडल्या. बंदीचा आग्रह केवळ परकीय धर्मोपदेशकांचा होता, हा समज त्यामुळे टिकत नाही. परभणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती. नगर जिल्ह्यात मुंबई सरकारचा १८७८ चा अबकारी कायदा चालत असता, सरहद्दीपलीकडे हैदराबादचा अंमल होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांप्रमाणे मादक द्रव्यांच्या बंदीचेही उद्दिष्ट ठेवले. १९५६ मध्ये परभणी मुंबई राज्यात आली आणि पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा तिलाही लागू झाला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांविरहित पाने वगळली गेली, आणि अवैद्यकीय सेवन बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. भांग कायद्याच्या कचाट्यातून सुटली, ती या व्याख्येमुळे. १९८५ साली राजीव गांधी सरकारने केंद्रीय कायदा केला. त्या वेळी लोकसभेत काँग्रेसच्या ४०० हून अधिक जागा होत्या. पक्षीय झुंजीला वावच नव्हता.

त्यानंतरच्या काळात मतभेद झाला, पण तो पक्षांच्या सीमांवर उभा राहिला नाही. कायदेशीर मान्यतेच्या बाजूने बोलणाऱ्यांत बिजू जनता दलाचे तथागत सत्पथी आणि आम आदमी पक्षातर्फे निवडून आलेले धरमवीर गांधी होते. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी औषधी वापराची सूचना केली. कॅनडात याउलट घडले. तेथे उदारमतवादी पक्षाने २०१५ च्या निवडणुकीत आश्वासन दिले, परंपरावादी पक्षाने विरोध केला, आणि २०१८ साली कायदा झाला. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला अतिकठोर यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताचे मत बाजूने पडले. देशातील कायदा मात्र जसाच्या तसा राहिला.

या तटस्थतेचे मोल शेतकरी देतो. १९८५ च्या कायद्यात लागवडीस पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. २००१ च्या दुरुस्तीने ती दहा वर्षांपर्यंत गेली. त्याच कायद्याचे चौदावे कलम तंतू व बी यांच्यासाठी परवानगी देण्याची सोय करते, आणि उत्तराखंडाने २०१८ पासून तिचा उपयोग केला आहे. परभणीच्या शेतकऱ्याला तंतुपिके अपरिचित नाहीत. येथील अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आहे. भांगेच्या झाडाशी तिचे नाते केवळ पानांच्या साम्याचे. ज्या मातीत ही अंबाडी उभी राहते, तिथेच दुसरे झाड उभे राहिल्यास तुरुंग वाट्याला येतो.

तात्पर्य, बंदी ठेवावी की उठवावी, याचा निर्णय येथे एखाद्या पक्षाने निवडणुकीत मागितलेल्या कौलाने झालेला नाही. तो कधी लंडनच्या नीतिवाद्यांनी केला, कधी आंतरराष्ट्रीय करारांनी, तर कधी एकाच पक्षाच्या बहुमताने. दहा वर्षांच्या कैदेचे भय ज्याच्यावर आहे, त्याची साक्ष मात्र १८९४ नंतर एवढ्या विस्ताराने कोणीच घेतली नाही.