पऱ्हाटीचे पान आणि दोन रेघांची पट्टी

बीड जिल्ह्यातल्या गेवराई, माजलगाव, धारूर या भागात मृगाच्या पावसावर सरकी लावली जाते. उगवलेले रोप खरेच बीटीचे आहे की पाकिटावर नुसते छापले आहे, हे नजरेने कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी पानाचा तुकडा छोट्या नळीत द्रावण घालून कुटतात आणि त्यात कागदी पट्टी बुडवतात. काही मिनिटांत एक रेघ उमटली तर पट्टी चांगली आहे एवढेच कळते. दोन उमटल्या तर पानाच्या पेशींत क्राय प्रथिन, म्हणजे जिवाणूकडून कपाशीत आणलेले अळीमारक विष, आहे.

या पट्टीचे कूळ रेशमाच्या किड्यापर्यंत जाते. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता शिगेताने यांनी रेशीमअळ्या अचानक मारणारा जिवाणू वेगळा केला. बीडमध्ये आज कपाशीइतक्याच आस्थेने तुती लावणारे शेतकरी आहेत. अळ्या पटापट मरू लागल्या की घरावर काय वेळ येते हे त्यांना सांगायला नको. पुढे अर्न्स्ट बर्लिनर यांना जर्मनीतल्या थुरिंगियात पिठातल्या पतंगाच्या अळीत तसाच जिवाणू सापडला. १९१५ मध्ये त्यांनी त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव दिले. बीटी ही त्याचीच आद्याक्षरे.

विष नेमके कशात आहे, हे कळायला आणखी चार दशके लागली. १९५३ मध्ये हॅने यांनी या जिवाणूच्या बीजाणूशेजारचे स्फटिक विषारी असावेत असे सुचवले. पुढच्याच वर्षी अँगस यांनी ते अल्कलीत विरघळवले आणि त्या द्रावणाने रेशीमअळ्या लुळ्या पडतात हे दाखवले. स्फटिक याच क्राय प्रथिनाचे होते. अळीचे आतडे अल्कधर्मी असते, म्हणून ते तिथेच विरघळतात.

प्रयोगशाळेने अळीच्या पोटातली हीच रीत उचलली. जिवाणू वाढवायचे, दाट द्रावणात वेगाने फिरवून बीजाणू आणि स्फटिक वेगवेगळ्या थरांत आणायचे, स्फटिक अल्कलीत विरघळवायचे, ट्रिप्सिनने छाटायचे. मग लेमली यांनी १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीने जेलमधून वीज सोडायची. सुमारे १३० किलोडाल्टनचे प्रथिन छाटून ६५ च्या आसपास आलेले दिसते. जेलवर इतर पट्टे नसतील तर प्रथिन शुद्ध. हे शुद्ध प्रथिन सशाला किंवा उंदराला टोचले की त्या प्राण्याचे शरीर फक्त या प्रथिनालाच धरणारी प्रतिपिंडे बनवते. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी अशी प्रतिपिंडे आणि विकर वापरून एलायझा चाचणी उभी केली. पट्टीत विकराऐवजी सोन्याचे सूक्ष्म कण असतात; लाल रेघ त्यांची.

भारतात २६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना मान्यता मिळाली. ते वाण बीडच्या शेजारच्या जालन्यातल्या महिको कंपनीचे होते. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत विनापरवाना बीटी शेतात सापडले होते, त्यामुळे ओळख पटवण्याची निकड होतीच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने देशी चाचणी-संच तयार केले.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते याच संस्थेतल्या केशव क्रांती आणि सहकाऱ्यांचे २००५ चे मोजमाप. पान, फूल, बोंड यांतले क्राय-१-एसी हे क्राय प्रथिन त्यांनी एलायझाने मोजले. पानात ते सर्वाधिक निघाले. फुलाच्या बीजकोशात आणि बोंडाच्या सालीत, म्हणजे अळी जिथे शिरते तिथेच, सर्वांत कमी. अमेरिकन बोंडअळी मारायला ग्रॅममागे १.९ मायक्रोग्रॅम लागते, आणि लागवडीनंतर सुमारे ११० दिवसांनी प्रमाण त्याखाली जात होते. जूनच्या पेऱ्याला हा काळ दसऱ्याच्या आसपास येतो, बोंडे भरण्याच्या दिवसांत.

पट्टी ही घट सांगत नाही. २०१७ मध्ये मराठवाड्यात शेंदरी अळीने बोंडे पोखरली, तेव्हाही बीटी झाडांच्या पानांवर दोन रेघा उमटल्याच असत्या. शेंदरी अळीत बदल वेगळ्या ठिकाणी झाला होता: तिच्या आतड्यातले कॅडहेरिन हे प्रथिन, ज्याला क्राय-१-एसी चिकटते, तेच प्रतिकारक अळ्यांत बिघडलेले सापडले आहे.

अळीतला बदल झाड तपासून कळणार नाही; पण झाडातली घट कळावी म्हणून ऑक्टोबरमध्ये पानाऐवजी बोंडाची साल तपासावी, तीही पट्टीऐवजी एलायझाच्या थाळीवर. तिथे नमुन्याचा रंग शुद्ध प्रथिनाच्या ठरावीक मात्रांच्या रंगाशी ताडून आकडा काढतात. तो आकडा बीडच्या शेतकऱ्याला वेचणीआधी हातात मिळायला हवा.