गहाण घर आणि राहता भाडेकरू

बीड तालुक्यांत, बालाघाटच्या डोंगराळ प्रदेशांत वसलेलें लिंबागणेश हें गांव तेथील भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळें पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. दर्शनास येणाऱ्या भाविकाला गांवाचें दैवत ठाऊक असतें. पण त्या गांवावरून किती राजवटी गेल्या, याचा विचार तो सहसा करीत नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत हें गांव निजामाच्या राज्यांत होतें. पुढें आठ वर्षें तें भारतीय संघराज्यांतील हैदराबाद राज्यांत राहिलें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं द्विभाषिक मुंबई राज्यांत आलें आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. राजवट बदलली कीं कायदे बदलतात, आणि कायदे बदलले कीं सामान्य माणसाच्या डोक्यावरचें छप्पर कधीं बळकट तर कधीं डळमळीत होतें. त्या छपराच्या इतिहासांतील एका लहानशा परंतु जिव्हाळ्याच्या प्रकरणाचा परामर्श येथें घ्यावयाचा आहे.

समजा, अशा एखाद्या गांवच्या पेठेंत कोणी एक शिंपी दोन खणांच्या जागेंत भाड्यानें राहत आहे. पुढच्या खणांत त्याचें शिवणयंत्र, मागच्या खणांत चूल. भाडें देण्यांत तो कधीं चुकत नाहीं. घरमालक मात्र कर्जांत गळ्यापर्यंत बुडालेला आहे. त्यानें घर गहाण टाकलें आहे, आणि ही गोष्ट शिंप्याच्या कानावरही आलेली नाहीं. एके सकाळीं दारावर एक कागद चिकटलेला दिसतो: कर्ज थकलें, घर आतां जप्त होणार! शिंप्यानें आपलें यंत्र आणि मुलेंबाळें घेऊन जावें कोठें? कर्ज त्यानें काढलें नाहीं, पैसा त्यानें खाल्ला नाहीं, गहाणखतावर त्याची सही नाहीं. मग मालकाचें घर बुडालें म्हणून भाडेकरूचा संसारही बुडावा काय?

हा प्रश्न आजचा दिसत असला तरी गहाणाची चाल फार प्राचीन आहे. धर्मशास्त्रांत गहाणास ‘आधि’ असें नांव आहे. याज्ञवल्क्याच्या मतें, व्याज वाढून धन दुप्पट होईपर्यंत जो सोडविला नाहीं तो आधि बुडतो. मुदतीचा आधि मुदत भरतांच बुडतो. परंतु ज्याचें उत्पन्न सावकार स्वतः उपभोगतो, तो आधि कधींच बुडत नाहीं. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही सुप्रसिद्ध टीका विज्ञानेश्वरानें चालुक्यांच्या कल्याणी नगरींत लिहिली. तें कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण. बीड आणि बिदर हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यांत नांदत होते. नारदस्मृतींत भाडेकरूचीही आठवण ठेवलेली आहे. दुसऱ्याच्या भूमीवर घर बांधून भाडें देऊन जो राहिला, त्यानें जागा सोडतांना आपलें गवत, लाकूड आणि विटा घेऊन जावें, असें नारद सांगतो. येथें भाडेकरूच्या सामानास संरक्षण आहे. त्याच्या मुक्कामास संरक्षण मिळण्यास पुढें अनेक शतकें जावीं लागलीं.

मराठी मुलुखांत ‘गहाण लहाण’ या नांवाचा एक करार रूढ होता. ठरल्या मुदतींत पैसे न फेडल्यास गहाण हीच विक्री समजावी, असा त्याचा आशय. मुदत टळली कीं घर सावकाराचें, असा सरळ हिशेब! १८६४ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें या हिशेबास खीळ घातली. असा करार असला तरी मुदतीनंतरही पैसे भरून मालमत्ता सोडविण्याचा कर्जदाराचा हक्क शिल्लक राहतो, असा निर्णय त्या न्यायालयानें दिला. तथापि न्यायालयाचा निर्णय आणि खेड्यांतील व्यवहार यांत मोठें अंतर होतें. डिसेंबर १८७४ मध्यें पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत, करडे या गांवीं एका सावकारानें दीडशें रुपयांच्या कर्जापायीं तेथील एका देशमुखावर हुकूमनामा मिळविला आणि त्याचें घर पाडण्यास आरंभ केला. हें दृश्य पाहून गांव खवळून उठलें आणि सावकारांशीं व्यवहार तोडण्याची चळवळ सुरू झाली. पुढें १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें या गांवीं दंगा पेटला आणि तो पाहतां पाहतां पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. दंगेकऱ्यांचा रोख सावकारांच्या प्राणांपेक्षां त्यांच्या दप्तरांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून घेऊन त्यांनीं त्यांची होळी केली.

या उठावाची चौकशी होऊन १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना कर्जांतून दिलासा देणारा कायदा झाला. रोख्यावरील आंकडा डोळे मिटून न मानतां मूळ देवघेवीचा इतिहास तपासावा, कर्ज हप्त्यांनीं फेडूं द्यावें, असे अधिकार न्यायाधीशांस मिळाले. हा कायदा अहमदनगरच्या सरहद्दीपर्यंत येऊन थांबला. सरहद्दीपलीकडे बीड जिल्हा निजामाच्या अमलाखालीं होता. एकाच मातीचे, एकच भाषा बोलणारे दोन शेतकरी. एकास कायद्याची ढाल मिळाली, दुसऱ्यास मिळाली नाहीं. दुसरी एक गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. या कायद्यानें सावकार आणि कर्जदार या दोघांमधील तराजू समतोल करण्याचा प्रयत्न केला. गहाण पडलेल्या घरांत भाडें देऊन राहणारा तिसरा माणूस त्या तराजूंत बसलेलाच नव्हता.

त्या तिसऱ्या माणसाची ओळख कायद्यास हळूहळू पटत गेली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेंत एक लहानसा नियम आहे. हीच संहिता १९५१ सालीं हैदराबाद राज्यासही लागू झाली. लिलावांत विकलेल्या मालमत्तेंत हक्कानें राहणारा भाडेकरू असेल, तर खरेदीदारास ताबा कसा द्यावा, हें तो नियम सांगतो. विक्रीच्या दाखल्याची नक्कल जागेवर ठळक ठिकाणीं लावावी आणि ऋणकोचा हक्क खरेदीदाराकडे गेला आहे, अशी दवंडी पिटवावी. इतकें केलें म्हणजे ताबा दिला गेला. भाडेकरूची भांडीं रस्त्यावर फेकावीं, असें त्यांत कोठेंही नाहीं. दवंडीचा अर्थ स्पष्ट आहे. मालकाकडे जो हक्क होता, तेवढाच विकला गेला. भाडें घेण्याचा हक्क नव्या धन्याकडे आला आणि जुन्या भाडेकरूनें यापुढें त्याला भाडें द्यावयाचें. ऋणको जें स्वतः कोणास देऊन बसला आहे, तें लिलाव परत आणूं शकत नाहीं.

येथें एक न्याय्य शंका उद्भवते. घर गहाण टाकल्यानंतर, तें बुडणार हें दिसूं लागतांच, मालकानें मुद्दाम आपल्याच एखाद्या सोयऱ्यास भाडेकरू म्हणून घरांत बसविलें तर? धनकोचा पैसा बुडावा, अशीच ती युक्ती असेल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत १९२९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें या शंकेचें उत्तर दिलें. गहाण टाकलेलें घर ज्याच्या ताब्यांत आहे, त्या मालकास तें भाड्यानें देण्याचा अधिकार राहतो, परंतु कांहीं अटींवर. भाडें वाजवी असलें पाहिजे. पागडी किंवा आगाऊ भाडें घेतां कामा नये. इमारतीचा भाडेपट्टा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा नसावा. गहाणखतांत निराळें ठरलें असेल, तर तें पाहावें लागतें. अशा रीतीनें गहाणापूर्वीं आलेला भाडेकरू आणि गहाणानंतर आलेला भाडेकरू यांच्यामध्यें कायद्यानें रेघ ओढली. भाडेकरू घरांत कोणत्या तारखेस आला, या प्रश्नास तेव्हांपासून विशेष महत्त्व आलें.

निजामाच्या राज्यांत या विषयाची वाट शेताकडून घराकडे गेली. फसली सन १३४९ मध्यें, म्हणजे सुमारें १९३९-४० सालीं, तेथें सावकारीवर नियंत्रण घालणारा कायदा झाला. फसली सन १३५४ मध्यें ‘असामी शिकमी’ कायदा आला; असामी शिकमी म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारें कूळ. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर १० जून १९५० पासून हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा अमलांत आला. विहित काळांत सलग सहा वर्षें जमीन कसणारीं कुळें ‘संरक्षित कुळें’ ठरलीं आणि त्यांचीं नांवें नोंदवहींत उतरलीं. अशा कुळाचा हक्क वारसांकडे जातो, आणि जमिनीचा मालक बदलला एवढ्यानें तो हक्क बुडत नाहीं. ज्याचें नांव नोंदवहींत आलें, तो टिकला. ज्याचें राहून गेलें, त्याच्या मुलांनातवंडांस कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. घरांतील भाडेकरूसाठीं हैदराबाद राज्याचा घरभाडें नियंत्रण कायदा १९५४ सालीं झाला. मराठवाडा महाराष्ट्रांत आल्यावरही तो या भागांत चालू होता. अखेर महाराष्ट्र भाडें नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला आणि मुंबई, विदर्भ व मराठवाडा यांचे वेगवेगळे कायदे जाऊन राज्यभर एक कायदा झाला.

या कायद्यांतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयास फार उपयोगी आहेत. प्रचलित काळीं भाडें घेण्यास जो हक्कदार, तो घरमालक, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणून लिलावांत घर घेणाराही भाडेकरूच्या दृष्टीनें घरमालकच ठरतो, आणि कायद्यांत सांगितलेल्या कारणांवांचून त्यास भाडेकरूला काढतां येत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, भाड्याचा करार लेखी असून त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि ती करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती त्यानें टाळली तर त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि कराराच्या अटींविषयीं वाद झाल्यास भाडेकरूचें म्हणणें विरुद्ध पुरावा येईपर्यंत ग्राह्य धरतात. मात्र हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नोंदलेल्या क्षेत्रांपुरताच लागू आहे. आपलें गांव त्यांत आहे कीं नाहीं, हें खेड्यांतील भाडेकरूनें आधीं पाहिलें पाहिजे. नसेल, तर त्याचा आधार १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि त्याचा स्वतःचा करार एवढाच उरतो.

इतक्यांत एक नवें वळण आलें. २००२ च्या कायद्यानें बँकांना न्यायालयाची पायरी न चढतां तारण मालमत्ता ताब्यांत घेण्याचा अधिकार दिला. कर्जदारास साठ दिवसांची नोटीस द्यावयाची. त्यानें पैसे भरले नाहींत तर बँक ताबा घेऊं शकते आणि त्यासाठीं जिल्हादंडाधिकाऱ्यांचें साहाय्य मागूं शकते. शेतजमीन या कायद्यांतून वगळलेली आहे. घर आणि दुकान वगळलेलें नाहीं. नोटीस कर्जदाराच्या नांवें जाते. भाडेकरूस पुष्कळदां पहिली वार्ता मिळते ती दारावर चिकटविलेल्या ताब्याच्या कागदावरून. दिवाणी न्यायालयाच्या दवंडींत भाडेकरूची जी आठवण होती, ती या झटपट मार्गांत हरवते कीं काय, अशी भीति उत्पन्न झाली.

मुंबईच्या घरांविषयींचे असे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१४, २०१६ व २०१९ सालच्या निर्णयांनीं ही भीति बरीच दूर केली. गहाणापूर्वींपासून कायदेशीरपणें राहणाऱ्या भाडेकरूस या झटपट मार्गानें काढतां येणार नाहीं. गहाणानंतर परंतु नोटिशीपूर्वीं आलेल्या भाडेकरूचा पट्टा १९२९ च्या दुरुस्तींतील अटींस उतरला पाहिजे. नोटिशीनंतर धनकोच्या लेखी संमतीवांचून दिलेल्या पट्ट्यास आधार नाहीं. तोंडी किंवा नोंदणी न झालेल्या करारावर विसंबणाऱ्यास सामान्यतः एका वर्षापलीकडे ताबा मागतां येत नाहीं. २०१६ सालीं कायद्यांतही दुरुस्ती होऊन भाडेकरूस कर्जवसुली न्यायाधिकरणापुढें आपलें गाऱ्हाणें मांडण्याची वाट मोकळी झाली. त्यासाठीं मुदत आहे पंचेचाळीस दिवसांची. ती टळूं देतां कामा नये.

आतां पेठेंतील त्या शिंप्याकडे वळूं या. त्याच्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं, पण तें कोठें शोधावें हें सांगतां येतें. तो या घरांत केव्हां आला, घर केव्हां गहाण पडलें, आणि तो आला तेव्हांचा कागद त्याच्यापाशीं आहे काय, या तीन गोष्टींत तें उत्तर आहे. विश्वासावर चाललेला व्यवहार खेड्याचें भूषण होय. परंतु घरमालकाचा शब्द त्याच्या कर्जाबरोबर विकला जात नाहीं आणि नवा धनी तो मानण्यास बांधलेला नसतो. म्हणून भाडें देतांना पावती मागण्यांत संकोच धरूं नये. करार नोंदवावा, वीजदेयकें आणि घरपट्टीचे दाखले जपून ठेवावे, आणि दारावर कागद लागलाच तर घाबरून बिऱ्हाड न हलवितां प्रथम त्यावरील तारीख वाचावी.

१८७५ सालीं सुपें गांवच्या बाजारांत कागदांची होळी पेटली, कारण त्या काळीं कागद हें सावकाराचें हत्यार होतें. गरिबाच्या हातीं तेव्हां कागद नव्हता. दीडशें वर्षांच्या खटाटोपानें कायद्यानें भाडेकरूच्या हातींही एक कागद दिला आहे. भाड्याची साधी पावती ती काय, परंतु घर गहाण पडण्यापूर्वींची तारीख तिच्यावर असेल तर नव्या मालकापुढें उभें राहण्यास शिंप्याला तिचाच आधार आहे. तेवढी ती मागून घ्यावी आणि ट्रंकेंत नीट ठेवावी.