स्किनर आडनावाचा प्रवास

स्किनर हे आडनाव मुळात धंद्याचे. आपल्याकडे सराफ, पोतदार, तांबट झाले तसेच. जुन्या नॉर्स भाषेत ‘स्किन्न’ म्हणजे जनावराचे कातडे. मध्ययुगीन इंग्लंड-स्कॉटलंडात कातडी कमावणारा किंवा केसाळ कातड्यांचा व्यापारी तो स्किनर. ग्लासगोतल्या स्किनरांच्या संघाला 1516 मध्ये सनद मिळाली. पुढे धंदा सुटला, नाव राहिले. 18व्या शतकात अ‍ॅबर्डीन भागातले जॉन स्किनर पाद्री आणि गीतकार होते, तर त्यांच्याच नावाचा मुलगा बिशप झाला.

हिंदुस्थानात हे नाव रुजले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील स्कॉटिश अधिकारी हर्क्युलिस स्किनर यांच्या घराण्यामुळे. त्यांचा मुलगा जेम्स 1778 मध्ये जन्मला, आई राजपूत. आई किंवा बाप हिंदी असलेल्यांना कंपनीच्या लष्करात अधिकारी होण्याची वाट 1791 पासून बंद झाली. मग जेम्सने शिंद्यांची चाकरी धरली. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून उभारून घेतलेल्या कवायती कंपूंत तो लढाई शिकला.

1800 मध्ये करौलीच्या राजाच्या मदतीला गेलेला जेम्स उनियाऱ्याच्या लढाईत जखमी होऊन रणात पडून राहिला. एका बाईने भाकरी आणि पाणी आणले. ती चर्मकार समाजाची. शेजारी तळमळणाऱ्या राजपूत सुभेदाराने तिच्या हातचे पाणी नाकारले. जेम्स प्यायला आणि जगला. पुढे त्याने तिला आई मानून हजार रुपये पाठवले. कातड्याच्या धंद्यावरून पडलेले नाव वागवणाऱ्याचा जीव कातडे कमावणाऱ्यांच्याच घरातल्या बाईने वाचवावा, हा या आडनावाच्या इतिहासातला सर्वांत हृद्य योग.

1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच शिंद्यांच्या फौजेचा फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रजांशी नाते असलेले अधिकारी काढून टाकले. त्यांत जेम्सही होता. शिंद्यांविरुद्ध लढणार नाही, या अटीवर तो इंग्रज सेनापती जनरल लेककडे गेला. 11 सप्टेंबरला दिल्लीजवळ, यमुनेच्या पूर्वेस, पटपडगंजच्या लढाईत, लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. लढाईचा स्मारकस्तंभ नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे.

लढाईनंतर शिंद्यांकडचे घोडेस्वार लेककडे आले. सरदार कोण हवा, असे विचारताच त्यांनी ‘सिकंदरसाहेब’ म्हटले. स्किनरचा उच्चार स्वारांच्या तोंडी सिकंदर झाला होता, आणि अलेक्झांडरचे नाव त्या शूर माणसाला शोभतही होते. त्या स्वारांतून उभे राहिलेले पथक पिवळ्या अंगरख्यांमुळे ओळखले जाई. भारतीय लष्करातील ‘स्किनर्स हॉर्स’ ही चिलखती रेजिमेंट त्याचीच वारस.

उनियाऱ्याच्या रणात जखमी पडला असताना, जगलो तर चर्च बांधीन, असा नवस जेम्सने केला होता. तो त्याने दिल्लीत काश्मिरी गेटजवळ फेडला. सेंट जेम्स चर्चचा प्रतिष्ठापना-विधी 1836 मध्ये झाला. घुमटावरचा जुना गोळा आणि क्रूस 1857 मधल्या गोळ्यांची भोके अंगावर घेऊन आता आवारात ठेवले आहेत. 1841 मध्ये हांसीला वारलेल्या जेम्सला पुढच्या वर्षी याच चर्चमध्ये, वेदीसमोर, पुरले. त्याच्या वंशजांच्या कबरी बाहेर आवारात आहेत. त्यांवर आडनाव स्किनर असेच कोरलेले आहे.