बॅटरी गावात आली, तिची निगा कोण राखणार?

आपल्या बचत गटांच्या कामात आता संगणक आलाय, आणि संगणकाच्या टेबलाखाली एक काळी पेटी आलीय. तिला आपण यूपीएस म्हणतो. लाईट गेली की ती पीं-पीं करते. ही पेटी आपल्या दारात कशी आली, ते आज सांगणार आहोत. ते कळलं की तिची निगाही कळते.

आपल्या नाशिकला वीज काही परकी नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात १९७० पासून वीज तयार होते. त्याची धुराडी आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाहिली आहेत. पण तिथली वीज सगळ्या राज्याच्या जाळ्यात जाते आणि मग वाटली जाते. म्हणून राज्यात तुटवडा पडला, की एकलहऱ्याजवळच्या गावातही अंधार होतो.

२००१ साल आठवा. कोकणातला दाभोळचा वीजप्रकल्प त्या वर्षी बंद पडला. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्याचा एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम पुढे तालुक्या-तालुक्यात पोहोचला. म्हणजे एकीकडे पोरी संगणक शिकायला निघाल्या आणि दुसरीकडे वीज अपुरी पडू लागली. २००५ मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण कंपनी झाली. त्याच सुमारास तुटवडा चार हजार मेगावॅटच्या वर गेला आणि खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन होऊ लागलं. रात्री पाणी भरायला शेतात जाणं, दळण खोळंबणं, हे सगळं आपण सोसलंय. त्या दिवसांत दुकानांत, दवाखान्यांत, संगणकाच्या वर्गांत इन्व्हर्टर आणि यूपीएस आले.

त्यांच्या पोटातली बॅटरी मात्र फार जुनी आहे. फ्रान्समधल्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाच्या पट्ट्या पातळ केलेल्या गंधकाच्या तेजाबात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. आजही आतला कारभार तोच आहे.

आता यात आपल्या गटाचं काय अडलंय? १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा आपला हिशेब वहीत होता. पेटीतल्या वहीला लाईट लागत नव्हती. २०१५ मध्ये नाबार्डने ई-शक्ती प्रकल्प सुरू केला. त्यासाठी देशातले जे पहिले दोन जिल्हे निवडले, त्यांत आपल्या शेजारचा धुळे होता. तेव्हापासून हिशेब संगणकात जाऊ लागला. नोंद करताना लाईट गेली आणि यूपीएसने साथ दिली नाही, तर भरलेला हप्ता नोंदायचा राहतो. मग “मी पैसे दिले होते” आणि “इथे दिसत नाहीत” यावर बायका-बायकांत वाद लागतो. गट विश्वासावर चालतो. म्हणून ही पेटी धड असणं ही एकट्या सचिवाची काळजी नाही, सगळ्यांची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, लहान यूपीएस तासभर काम करण्यासाठी नसतो. तो पाच-दहा मिनिटं देतो, ती नोंद साठवून संगणक नीट बंद करायला. प्रिंटर त्याच्यावर लावू नका, पंखाही नको.

दुसरी गोष्ट, दिवा चालू आहे पण मिणमिणतोय आणि यूपीएस ओरडतोय, तर तो बिघडला असं समजू नका. पंप चालू झाले की दाब उतरतो आणि यूपीएस बॅटरीवर जातो. असं रोज तासन् तास चाललं तर बॅटरी लवकर संपते. अशा वेळी काम आटोपतं घ्या आणि वायरमनला कळवा.

तिसरी, लाईट जाताच संगणकही बंद पडत असेल, तर बहुतेक बॅटरीच संपलेली असते. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते, उन्हात किंवा पत्र्याच्या तापत्या खोलीत त्याहून कमी. महिन्यातून एकदा संगणकाऐवजी दिवा जोडून भिंतीवरचं बटण बंद करा. दिवा किती मिनिटं जळतो ते लिहून ठेवा. मिनिटं घटू लागली की नवीन बॅटरीसाठी पैसे बाजूला काढायचे.

चौथी, इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, खुणेपर्यंतच. नळाचं किंवा विहिरीचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी पट्ट्या खराब होतात. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून खोली हवेशीर ठेवा. जवळ चूल, उदबत्ती, दिवा नको. तेजाब अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर धुऊन तडक दवाखान्यात जा.

आणि जुनी बॅटरी अंगणात फोडू देऊ नका. शिसं लेकरांच्या मेंदूला घातक असतं. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी, असा केंद्राचा नियम २००१ मध्ये झाला होता. नवी घेताना जुनी द्या, पैसेही कमी पडतात.

पीठ जाडं पडू लागलं की जात्याला टाकी लावायची वेळ झाली, हे घरात आधी बाईलाच कळायचं. टाकी लावणारा नंतर यायचा. इथेही मेकॅनिक नंतरच येतो, खूण आधी आपल्याला ओळखायची आहे. येत्या मासिक सभेत दोघींवर ही जबाबदारी सोपवा, त्यांची नावं आणि बॅटरी घेतल्याची तारीख ठराव वहीत लिहा. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोघी. म्हणजे हे ज्ञान एकीपाशी अडकून राहणार नाही.